नुसते हातवारे

ताई जिथे असायची तिथे एक राखाडी चौकोन होता. दुपारच्या चहाला मी ऑफिसच्या खाली उतरले होते, एका हातात कागदी कप, दुसऱ्या हातात मोबाइल. रोजच्यासारखं ताईचं गाणं उघडलं आणि ताई नव्हती. चौकोनाच्या पोटात बारीक अक्षरांत एकच ओळ होती: हक्कधारकांच्या तक्रारीवरून हा व्हिडिओ हटवण्यात आला आहे. मी मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला, जसं काही त्यालाच डुलकी लागली असावी. पुन्हा तीच ओळ. आधी काही वाटलंच नाही, चहाचे दोन घोटही घेतले, आणि मग डोक्यात अशी तिडीक गेली की कप तसाच भरलेला कचऱ्याच्या डब्यात टाकला. हटवण्यात आला आहे. म्हणजे कुणी हटवला? या भाषेत करणारा कधी नसतोच, सगळं आपोआप घडत असतं. मी ही भाषा नीट ओळखते, कारण तिच्यावरच माझं पोट आहे. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीच्या तक्रार कक्षात मी बसते. कुठल्या तरी इमारतीत कुणी तरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असतं, घामाघूम होऊन फोन करतं, आणि मी शांत आवाजात सांगते, आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्या माणसाला त्या क्षणी माझा गळा धरावासा वाटत असणार. आज पहिल्यांदाच मी लिफ्टच्या आत होते.

ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात ती काम करते. ओल्या चादरी तापलेल्या रुळांमध्ये सरकवायच्या, पलीकडून कोरड्या आलेल्या घडी करून रचायच्या. तिथल्या यंत्रांचा आवाज इतका असतो की ऐकू येणाऱ्या बायकाही तिथे खुणांनीच बोलतात आणि ताईकडूनच शिकतात. ती मात्र जमिनीच्या थरथरीवरून पायांनीच ओळखते, कुठल्या यंत्राचा पट्टा सैल झालाय ते. आणि ताईचं गाणं म्हणजे एक जुनं, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं, जे ताई हातांनी सांगते. रात्रभर खिडकीशी दिवा घेऊन बसलेल्या एका बाईचं गाणं आहे ते. गाणारी गेली, लिहिणारा गेला, चाल लावणारा गेला, आणि आता ते एका संगीत कंपनीच्या मालकीचं आहे. लोक आपल्या आवडत्या गाण्यांचे व्हिडिओ करतातच. कुणी सिनेमाचे तुकडे जोडतं, कुणी सूर्यास्ताचे फोटो लावतं. मी ताईला निळ्या पडद्यापुढे उभं केलं, पिठाच्या डब्यावर साखरेचा डबा ठेवून त्यावर मोबाइल टेकवला, आणि गाणं लावलं. सुरू करण्याआधी ताई शेजारच्या स्पीकरवर डावा तळवा ठेवून उभी राहते. ठोका तळव्यातून वर चढला की तिचा उजवा हात उठतो आणि मग डावा त्याला जाऊन मिळतो. दिवा दाखवायला ती ज्योत दाखवत नाही. वाऱ्यापासून ज्योत राखणारा तळवा दाखवते, आणि त्या तळव्याला लागणारी धग तिच्या चेहऱ्यावर दिसते. त्या गाण्यात एका जागी गाणारी एकच अक्षर कितीतरी वेळ धरून ठेवते. तिथे ताईचा हात हवेत थांबतो आणि फक्त बोटांची टोकं थरथरतात.

हे तिला आमच्या बाबांनी शिकवलं, किंवा तिनं बाबांना शिकवलं. बाबा चपलांच्या दुकानात नोकरीला होते, दिवसभर परक्या लोकांचे पाय हातात घ्यायचे, आणि घरी आले की हात साबणानं खसखसून धुऊन रेडिओपाशी बसायचे. जुना लाकडी रेडिओ, भलामोठा. ताई त्यांच्या मांडीवर आणि तिचे दोन्ही तळवे रेडिओच्या पाठीवर. आई म्हणायची, ‘अहो, तिला काय कळणार आहे त्यातलं?’ बाबा म्हणायचे, ‘तिला कळतं. तुला आणि मला नुसतं ऐकू येतं.’ आलेगेले हसायचे, काही जण तोंडावर हसायचे. बाबा एकेक ओळ ऐकून तिला शब्द खुणेनं सांगायचे, आणि त्यांच्या खुणा अगदीच ठोकळेबाज असायच्या, दुकानातून खोका मागावा तशा. ताई त्या घ्यायची आणि वळवून, मऊ करून परत द्यायची. बाबा मग तिचीच खूण उचलायचे. मी खाली जमिनीवर बसून हे बघत असायचे आणि मला ताईचा भयंकर हेवा वाटायचा. मला ऐकू येत होतं म्हणून मला कुणी मांडीवर घेऊन गाणं सांगितलं नाही.

आणि शाळा. ताईच्या शाळेत हात वापरायला बंदी होती. ओठ वाचा, घशातून आवाज काढा, बोलायला शिका. खुणा केल्या तर जनावरासारख्या राहाल, असं तिथल्या बाई पालकांना सांगायच्या, आणि अगदी कळकळीनं सांगायच्या. ज्याचे हात हलताना दिसले त्यानं तास संपेपर्यंत स्वतःच्या तळव्यांवर बसायचं. ताई घरी यायची तेव्हा तिच्या तळव्यांवर बाकाच्या फळ्यांचे वळ असायचे. बाबा एकदा भांडायला गेले होते. बाई त्यांना म्हणाल्या, ‘अहो, ही भाषा नाही. हे नुसते हातवारे आहेत.’ बाबा फार शिकलेले नव्हते, ते तसेच परत फिरले. परतताना मी त्यांचं बोट धरून चालत होते आणि ते वाटभर पुटपुटत होते, नुसते हातवारे, नुसते हातवारे. मला त्या बाईंचा चेहरा आठवत नाही, पण त्यांच्या साडीला खडूचा पांढरा डाग होता तो आठवतो, आणि अजून संताप येतो.

तेव्हा संताप काही त्या दिवशीच्या चौकोनामुळे नव्यानं आला नव्हता. तो घरातलाच होता. संध्याकाळी घरी जाऊन मी व्हिडिओच्या साइटला उत्तर लिहिलं. व्हिडिओखाली मी पहिल्या दिवसापासून एक ओळ टाकलेली होती, असे व्हिडिओ करणारे सगळेच टाकतात ती: गाणं आमचं नाही, सगळे हक्क मूळ मालकांचे, केवळ प्रेमापोटी केलेला प्रयत्न. दारावर लिंबू-मिरची टांगावी तशी ही ओळ सगळे टांगतात आणि निर्धास्त झोपतात. मीही झोपत होते. उत्तरात मी त्या ओळीवरच बोट ठेवलं, की बघा, आम्ही काही लपवलेलं नाही. त्यावर कंपनीचं उलट उत्तर आलं: हक्क आपले नाहीत हे आपण स्वतःच लेखी मान्य केले आहे, त्याबद्दल आभारी आहोत. आभारी आहोत. मी ते वाचून एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले, आणि त्या हसण्याचा आवाज मला मुळीच आवडला नाही. आपल्या नम्रपणाचा कुणी इतका चोख वापर केला की माणूस नम्र राहत नाही.

मग फोन. कंपनीच्या हक्क विभागात एक साहेब होते. आवाज असा की साखर पेरून ठेवलेली. माझा आवाजही कामावर तसाच असतो, त्यामुळे आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांवर साखर पेरत राहिलो.

‘मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो.’

‘भावना राहू द्या. व्हिडिओ परत हवाय.’

‘त्याला एक सोपा मार्ग आहे ना. आवाज बंद करा. हरकत आमच्या ध्वनिमुद्रणाला आहे, चित्राला नाही. आणि तसंही,’ इथे ते जरासे हसले, ‘तुमच्या प्रेक्षकांना आवाजाचा काय उपयोग?’

तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात ती अशी. मी म्हटलं, साहेब, आवाज बंद केला तर स्पीकरवर हात ठेवून बघणाऱ्यांना ठोका मिळणार नाही. एक आई ऐकते आणि तिची मुलगी बघते, दोघी शेजारी बसून एकच गाणं एका वेळी घेतात, असं आम्हाला कळवलंय लोकांनी. ते कसं होणार? साहेब म्हणाले, मुद्दा रास्त आहे. रास्त आहे म्हणणं फुकट असतं, मीही रोज म्हणते. मग ते सहज म्हणून गेले, ‘त्या मॅडम डान्स छान करतात, तो राहीलच की.’ आणि मी भडकले. ‘डान्स नाही तो. ती गाणं सांगते. शब्दन् शब्द. मूळ गाण्यातला एक शब्द तिनं गाळलेला नाही, हवं तर कुणाही जाणकाराला विचारा.’ ‘शब्दन् शब्द?’ त्यांनी विचारलं. ‘शब्दन् शब्द,’ मी छाती काढून म्हणाले. कीबोर्डची टकटक ऐकू आली. मला वाटलं, चला, यांच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला.

ताईला मी सगळं सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. आमच्या घरात सांगणं म्हणजे हातांनीच, त्यामुळे तिनं आधी फडकं खांद्यावर टाकून हात मोकळे केले. ‘तुमच्या प्रेक्षकांना आवाजाचा काय उपयोग’ हे वाक्य मी सांगणार नव्हते, पण माझा चेहरा बघून तिनं ते काढून घेतलं. चेहरा लपवायला तिच्यासमोर जागाच नसते. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, ‘कर बंद.’

‘काय?’

‘आवाज. कर बंद आणि लाव.’

‘अगं, पण ठोका...’

‘ठोका माझ्या हातांत आलाय. स्पीकर काढून घेतील, हात कसे घेतील?’

मी वाद घातला. तत्त्वाचा प्रश्न आहे, आज आवाज मागतात उद्या आणखी काही मागतील, बाबांनी असं ऐकून घेतलं नसतं. ताई शांतपणे बघत होती आणि मग म्हणाली, ‘तू तुझ्या कानांसाठी भांडतेस की माझ्यासाठी?’ हे मला लागलं. आवाज बंद करून मी व्हिडिओ पुन्हा चढवला आणि मग तो मुका व्हिडिओ एकटीनं बघितला. इतकी वर्षं मी ताईला बघताना गाणंच ऐकत आले होते. ती माझ्यासाठी गाण्याखालचं चित्र होती. आता खाली काहीच नव्हतं. तळवा उठला, ज्योतीभोवती वळला, त्या लांबलेल्या अक्षराशी थांबला, बोटं थरथरली, आणि मनातल्या चालीशी ताडताना मला जाणवलं की ताई ते अक्षर गाणाऱ्या बाईपेक्षा जरा जास्तच वेळ धरते. मूळ गाणं पुढे गेलेलं असतं तेव्हा ती बाई खिडकीशी अजून बसलेलीच असते. इतक्या वर्षांत ही तफावत माझ्या कानांनी मला दिसू दिली नव्हती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘ती गाणारी घाई करते.’

लोकांना मुका व्हिडिओ चालला. उलट नवे लोक आले. कुणीतरी लिहिलं की आज पहिल्यांदा ऐकू येणाऱ्यांना आणि आम्हाला सारखंच मिळालं. ताईनं ते धुलाईघरात सगळ्यांना दाखवलं. माझा राग थोडा निवला होता, चुलीवरून उतरवलेलं भांडं निवतं तेवढा. ऑफिसात एका गृहस्थांचा फोन आला, लिफ्ट अडकलेली, बरोबर म्हातारी आई. मी ठरलेलं वाक्य बोलायचं सोडून त्यांना विचारलं, आईंना बसायला काही आहे का, त्यांना भिंतीला टेकवून बसवा, आमचा माणूस पोचेपर्यंत मी फोन ठेवत नाही. शेजारची सहकारी माझ्याकडे बघायला लागली. सुपरवायझरनं बोलावून सांगितलं की वाक्यं बदलायची नसतात. मी हो म्हटलं.

आणि मग दुसरी नोटीस आली. ही यंत्रानं काढलेली नव्हती, चांगली वकिलाच्या सहीची, कंपनीच्या कागदावर, घरच्या पत्त्यावर. मी ती दारातच उभी राहून वाचली. सदर व्हिडिओमध्ये आमच्या अशिलांच्या मालकीच्या गीताच्या शब्दांचे, शब्दन् शब्द, सांकेतिक भाषेत अनधिकृत भाषांतर करण्यात आले आहे. शब्दन् शब्द. माझेच शब्द, माझ्याच तोंडचे, इस्त्री करून परत पाठवलेले. भाषांतराचा हक्कही मालकाचा असतो म्हणे. आवाज त्यांचा होता तो आम्ही दिला, तर आता त्यांनी हातांवर दावा सांगितला, आणि त्यांना तो दावा मी फोनवरून छाती काढून पुरवला होता.

मी साहेबांना फोन लावला तेव्हा माझ्या आवाजात साखर नव्हती. म्हटलं, भाषांतर आहे ना, मग परवानगी द्या, रीतसर मागते. साहेब म्हणाले, अवश्य, अर्ज ऑनलाइन आहे. अर्ज उघडला. कुठल्या भाषेत भाषांतर करणार ती निवडा, असं होतं, आणि खाली जगातल्या भाषांची भलीमोठी यादी, मी नावही न ऐकलेल्या भाषा होत्या तिच्यात. ताईची नव्हती. ‘इतर’ असंही काही नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, तुमच्या तक्रारीच्या कागदात आमची भाषा आहे आणि परवानगीच्या कागदात नाही, हे कसं काय? ते म्हणाले, ‘मुद्दा रास्त आहे. सिस्टिममध्ये तो प्रकारच नाहीये, मॅडम.’ मग त्यांचा आवाज खाली आला, आणि खरं सांगते, त्या माणसाला खरोखरच मदत करायची होती, त्यामुळे तर जास्तच चीड आली. ‘एक करता येईल. मी मजकूर पाठवतो, त्यावर तुमच्या बहिणीची सही घ्या. व्हिडिओतले हे केवळ हातवारे आहेत, त्यातून कुठलाही भाषिक अर्थ व्यक्त होत नाही, असं. मग भाषांतराचा प्रश्नच उरत नाही. व्हिडिओ राहील. कायमचा राहील, मी शब्द देतो.’

मजकूर आला. केवळ हातवारे. मला खडूचा डाग दिसला. पण मी तो छापून घरी नेला, कारण तो व्हिडिओ राहायला हवा होता. कितीएक लोक तो रोज बघत होते, एक मुलगी आईशेजारी बसून बघत होती, आणि एका ओळीच्या सहीनं काय बिघडतं, आपल्याला तर माहीत आहे ना खरं काय ते. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. ताईनं दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि चष्मा लावला. नोटीस तिनं फार सावकाश वाचली. ‘भाषांतर’ या शब्दावर तिचं बोट थांबलं.

‘हे वकिलानं लिहिलंय?’

‘हो.’

‘शिकलेला असेल?’

‘असणारच.’

‘सही त्याचीच ना? खरी?’

‘खरी आहे, ताई. त्यांना व्हिडिओ काढून टाकायचाय म्हणून लिहिलंय त्यांनी ते. कौतुक म्हणून नाही.’

‘का लिहिलं ते नाही विचारलं,’ ती म्हणाली. मग तिनं दुसरा कागद वाचला. तो लहान होता, लगेच संपला. चष्मा काढला. तिनं आपले दोन्ही हात, तळवे खाली करून, मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. पाठ ताठ, मान सरळ, नजर माझ्यावर. पन्नाशीला आलेली बाई, केस पिकलेले, आणि समोर शाळेच्या बाकावरची मुलगी बसलेली. तिला काही म्हणायचं असलं तरी म्हणता येत नव्हतं, आणि ती मला ते बघायला लावत होती. मी ‘ताई, पुरे’ म्हटलं, हातांनी म्हटलं, तोंडानंही म्हटलं. ती हलली नाही. शेवटी मी तो दुसरा कागद उचलून फाडला. तेव्हा कुठे तिनं हात बाहेर काढले, एकमेकांवर चोळले आणि म्हणाली, ‘उत्तर लिही त्यांना.’

‘काय लिहू?’

‘भाषांतर आहे. मी केलंय. आणि खाली माझं नाव, पूर्ण.’

‘मग व्हिडिओ जाईल. पुन्हा कधी येणार नाही.’

‘जाऊ दे.’

मी तेवढंच लिहिलं, तिनं सही केली, वळणदार, शाळेत बाईंनीच गिरवून घेतलेली. कागदाचा फोटो काढून पाठवला. कंपनीकडून आपोआप येणारं उत्तर आलं, आपले पत्र मिळाले, आभारी आहोत. आणि मग दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी, आम्ही दोघी बघत असताना, निळा पडदा गेला, ताई गेली, आणि राखाडी चौकोन आला. मला रडू आलं ते रागाचं होतं, अजूनही आहे, आणि ते कमी व्हावं अशी माझी इच्छा नाही. बाबांनी रेडिओपाशी बसून जे सिद्ध करायला जन्म घालवला ते मान्य करणारा एकच कागद आयुष्यात आमच्या घरी आला, आणि तो तिला गप्प बसवण्यासाठी आला.

ताईनं नोटीस सरळ करून कपाटातल्या बाबांच्या फोटोमागे उभी करून ठेवली. परत आली, स्पीकर टेबलावर ओढला, त्यावर डावा तळवा ठेवला आणि मला म्हणाली, ‘लाव.’ मी त्या कंपनीचं गाणं लावलं, मोठ्यानं, खिडक्या उघड्या ठेवून. ठोका तळव्यातून चढला, तिचा उजवा हात उठला. लांबलेलं अक्षर आलं, गाणारी ते सोडून पुढे गेली, आणि ताईचा हात ज्योतीभोवती तसाच थांबून राहिला. मी स्पीकर बंद केला आणि तिचं संपायची वाट बघत बसले.